तिरकी रेघ

सखुबाईला रागवायला कारण लागत नाही, असं तिचा दीर किसनराव गावभर सांगत फिरायचा. हे साफ खोटं. सखुबाईजवळ कारणं कायम शिलकीत असायची, आणि त्यातली निम्मीअधिक किसनरावानंच पुरवलेली असायची. वाटणीत विहिरीकडची बाजू त्यानं घेतली. सासूच्या दुखण्यात रात्री हिनं जागवल्या आणि सासूच्या तोंडी नाव राहिलं ते त्याचं. असल्या सगळ्या नोंदी सखुबाईच्या डोक्यात पक्क्या होत्या. कागदावर काही नव्हतं. कागद हरवतो.

यंदाच्या मार्चात नवा पुरवठा किसनरावाच्या पोराकडून झाला.

पोरगा स्वप्निल, पुण्याला कंपनीत. त्याच्यासाठी पोरी बघणं चाललं होतं, म्हणून सुट्टी काढून आला. आला तो विजेवर चालणारी पांढरीशुभ्र गाडी घेऊन. गाडीला आवाज म्हणून नाही. गल्लीतल्या कुत्र्यांना तिच्यावर भुंकायचं की नाही तेच ठरवता येईना. कुत्र्यांची ती कसर किसनरावानं पारावर बसून भरून काढली.

"पोरगं हात सोडून बसतंय अन् स्टेअरिंग आपलं आपन फिरतंय! समोर मानूस आला की गाडी आपसूक उभी. डोळे हायेत तिला, डोळे!"

सखुबाई दुकानातून तेलाची पिशवी घेऊन चालली होती. ती थांबली.

"मग भावजी, पोरगं कशाला अडकवून ठिवता तिच्यात? पोरगी बघायला गाडीच धाडा एकली. होकार घिऊन वापस येईल."

पार हसला. किसनरावही हसला, पण सखुबाई वळणावर दिसेनाशी झाल्यावर त्यानं जे तोंड केलं ते पारानं पाहून ठेवलं.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पुढं गाडीला भूक लागली.

या गावातली शेतीची वीज म्हणजे कधी दिवसा, कधी रात्री, मोजून मापून मिळणारी. सगळ्या शिवाराला आणि गावाला मिळून एकच रोहित्र. लोकांच्या तोंडी डीपी. तिच्यावर जेवढ्या मोटारी कागदावर होत्या त्याच्या दुप्पट प्रत्यक्षात. जो तो थोडाथोडा चोर होता, त्यामुळं कुणी कुणाला चोर म्हणत नव्हतं. असा हा समजूतदार कारभार वर्षानुवर्षं नीट चालला होता. त्या दुपारी तीन फेज लाईन आली, शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, आणि किसनरावानं आपल्या बोअरच्या पेटीतून वायर ओढून पोराची गाडी जोडून दिली. घटकाभरात धडाम्‌ झालं. डीपीतून काळा धूर उठला, तेल गळून खालचं गवत जळालं.

ऑफिसनं सांगितलं, नंबर लागला की नवी डीपी मिळेल. नंबर कधी लागेल हे सांगायला ऑफिसात कुणी नव्हतं.

सखुबाईचा उन्हाळी भुईमूग तेव्हा ऐन आऱ्या सुटायला, म्हणजे शेंगेचे कोंब मातीत उतरायला आलेला. त्याच दिवसांत पाणी हवं, आधी दिलं किंवा नंतर दिलं तर उपयोग नाही. ती तडक दिराच्या अंगणात गेली.

"तुमच्या गाडीनं माझा भुईमूग खाल्ला, भावजी."

"वैनी, डीपी जुनीच व्हती. कवाबी उडनारच व्हती."

"तुमीबी जुनेच हाव. मग आजच जाता का?"

स्वप्निल मध्ये पडला. पोरगा वाईट नव्हता. मोठ्यांशी नीट बोलायचा, फक्त सगळ्या जगाला वर्गात बसवून बोलायचा. "मोठी माय, तू एका बाजूनंच बघतीस. या गाडीला धूर नाही. डिझेल जाळून हवा खराब करण्यापेक्षा…"

"धूर न्हाई?" सखुबाईनं बोट शिवाराकडं केलं. "डीपीपाशी जाऊन वास घे बापा. धूर हाय. तू फकस्त दुसऱ्याच्या रानात काढलास."

 स्वप्निल मोबाईल बघू लागला. शिकलेल्या माणसाची ही सोय चांगली आहे.

आता रेघेचं सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या रेघेवर घडलं.

हळद शिजवली की वाळवायला डांबरी रस्त्यासारखी जागा नाही. खालून डांबर तापतं, वरून ऊन. हळकुंड कसं खणखणीत वाळतं. हट्टा गावाकडं जाणाऱ्या रस्त्याची एक बाजू मार्चभर पिवळी असते आणि वाहनं मुकाट्यानं दुसऱ्या बाजूनं जातात. सखुबाई आणि किसनराव यांची रानं शेजारी. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अगदी रस्त्याच्या काठाला, कडुनिंबाचं झाड. त्या झाडापासून रस्त्याच्या मध्यापर्यंत फक्कीची, चुन्याच्या भुकटीची, पांढरी रेघ मारायची. अलीकडं किसनरावाची हळद, पलीकडं सखुबाईची. ही वाटणी सासऱ्यानं घालून दिलेली. रेघ मारायचा मान थोरल्या घराचा, म्हणजे सखुबाईचा. तिचा नवरा तातेराव असल्या भानगडीत पडत नसे. तो कुठल्याच भानगडीत पडत नसे.

सखुबाई दरसाल झाडापासून प्रामाणिकपणे सुरू करायची. दोन पावलं गेली की तिचा हात जरासा दिराच्या बाजूला झुकायचा. रस्त्याच्या मध्यावर पोचेपर्यंत रेघ चांगलीच तिरकी झालेली असायची आणि विहिरीकडची बाजू घेणाऱ्याच्या वाट्याचा तिकोनी तुकडा सखुबाईच्या हळदीखाली आलेला असायचा. किसनराव दरसाल कुरकुरायचा, सखुबाई दरसाल म्हणायची, "डोळे तपासा." दोघांचंही त्यावर बरं चाललं होतं.

त्या दिवशी किसनरावानं आपली हळद सकाळीच पोत्यात भरली. त्याची बाजू रिकामी झाली. रेघ तेवढी राहिली. पलीकडं सखुबाईची हळद पसरलेली, आणि कडुनिंबाच्या सावलीत मिना बसलेली.

मिना म्हणजे तांड्यावरच्या नेमसिंगची सून. हळदीच्या दिवसांत ती सखुबाईकडंच यायची. लांब कांडी एकीकडं, गोल गट्टू एकीकडं, अशी निवड तिच्याइतकी झरझर कुणाची होत नसे, आणि तिच्याइतकी चेष्टा सखुबाईची कुणी करत नसे. रेघ बघून ती म्हणायची, "बाई, तुमची रेघ लई तहानली दिसती, सारखी विहिरीकडं वळती." सखुबाईला या चेष्टेचा राग येत नसे. हे तिच्याही लक्षात यायचं आणि तिला नवल वाटायचं.

मिनाच्या डोक्यावरच्या पदरापासून पायाच्या नखापर्यंत सगळं हळदीनं माखलेलं. शेजारी न निवडलेल्या हळदीचा ढीग. दोन्ही एकाच रंगाचे.

स्वप्निल चार्जिंगच्या शोधात हट्ट्याला निघाला होता. डीपी उडाली तेव्हा गाडी अर्धपोटी उठलेली, त्यानंतर गावात वीज नाही. आता हट्ट्यापर्यंत कशीबशी पोचेल एवढाच जीव तिच्यात होता. म्हणून त्यानं एसी बंद केला आणि गाडी गाडीच्याच हवाली केली. माणसाचा पाय खालीवर होतो, बॅटरी जास्त जाते. गाडी स्वतः चालली की काटकसरीनं चालते, असा त्याचा हिशेब.

सखुबाई चहाची किटली घेऊन रानातून येत होती. तिनं जे पाहिलं ते असं: पांढरी गाडी किसनरावाच्या रिकाम्या बाजूनं सरळ आली, रेघेपाशी आली, आणि ओळखीच्या घराकडं वळावं तशी अलगद डावीकडं वळली. ब्रेक नाही, हॉर्न नाही, आवाज तर नव्हताच. मिनाची गाडीकडं पाठ होती.

किटली सखुबाईच्या हातून कधी पडली ते तिला आठवत नाही. मिनाची किंकाळी आठवते. उजव्या पायाचं नडगीखालचं हाड भलत्याच बाजूला गेलेलं. गाडी कडुनिंबाला टेकून उभी राहिली आणि आतून बाईच्या गोड आवाजात काहीतरी इंग्रजी सांगू लागली.

"उचल तिला!" सखुबाई ओरडली. "घाल गाडीत! वसमतला चल!"

स्वप्निल पांढरा पडला होता. "मोठी माय… वसमतपर्यंत नाही पोचणार. चार्जिंग नाही."

सखुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. आयुष्यात ती कितीतरी माणसांकडं रागानं पाहत आली होती, पण तो सगळा राग आज तिला हलका वाटला. माणूस तुडवायला पुरली, उचलून न्यायला पुरली नाही! ती रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिली. हळदीची पोती नेणारा पिकअप आला, त्यानं करकचून ब्रेक मारला. त्याच्याच पोत्यांवर मिनाला निजवून वसमतला आणि तिथून नांदेडला नेलं. पायात सळई घातली. हळद शिजवायच्या कुकरवर कामाला गेलेला तिचा नवरा योगेश परस्पर नांदेडला पोचला. आणि नवल म्हणजे कुठल्याच भानगडीत न पडणारा तातेराव त्याच्याबरोबर गेला तो तिथंच राहिला.

इकडं गावात स्वप्निलनं गाडीच्या कॅमेऱ्यातलं चित्र मोबाईलवर काढलं. अख्ख्या पारानं ते पाहिलं. रस्ता, रेघ, झाड; पिवळ्यात पिवळी मिना कुठं ते ओळखूही येईना. रेघ मात्र चित्रात तिरकीच तिरकी.

"बघा!" किसनराव म्हणाला. "बघा! मी काय म्हनत व्हतो इतके वर्सं?"

बाई नांदेडला सळई घालून पडलेली आणि या माणसाला रेघ सापडल्याचा आनंद.

स्वप्निल समजावून सांगत होता, "गाडीला ती रेघ म्हणजे रस्त्याची पट्टी वाटली. रस्ता वळतोय असं तिला दिसलं. आणि मिनाबाई सगळी पिवळी. गाडीनं तिला ढीग समजलं. तिला जी माहिती मिळाली त्या मानानं तिनं बरोबर केलं."

संध्याकाळी किसनराव सखुबाईच्या ओसरीवर आला. बऱ्याच वर्षांनी आला. बसला, पाणी मागितलं.

"वैनी, परवा हवालदार पंचनाम्याला येनार. दवाखान्यानं कळवलंय. तुमी एवढंच म्हना, मिना उठून मधी आली. मी रेघेचं नाव काढत न्हाई."

"ती उठली न्हवती."

"कोन बघाया व्हतं? तुमी अन् पोरगं. सरकारी रस्त्यावर हळद टाकायची, वर रेघ मारायची, गुन्हा कुनावर पडल? विचार करा. पोराची सोयरीक जुळत आलीया. उगं कोर्टकचेऱ्या काहून?"

सखुबाईनं विचार केला. ती काही साधी बाई नव्हती. आपलं नुकसान कशात आणि फायदा कशात, हे तिला झोपेतसुद्धा कळायचं. गप्प बसलं तर तिकोनी तुकडा राहतो, अब्रू राहते, दिराला जन्मभर एक उपकार चिकटतो. बोललं तर सगळंच जातं. एवढा स्वच्छ सौदा किसनरावानं आयुष्यात पहिल्यांदाच पुढं केला होता.

सकाळी नांदेडहून योगेशचा फोन आला. "बाई, मिना विचारून राहिली, कागदावर तिचीच चूक लिहिनार हायेत का? किसनरावाचा मानूस आल्ता. म्हने, तूच उठली अन् मधी गेली. ती बसल्या जागेवरून हालली न्हवती, बाई. चूक तिचीच लिहिली तर तिच्या पायाचं उद्या कोन बघनार? अन् तांड्यावरच्या बायांना रस्त्याचं कळत न्हाई, हे वर ऐकावं लागल ते येगळंच."

"मी हाय ना," सखुबाई म्हणाली आणि फोन ठेवला. आलेल्या रागातला कितीसा दिरावर होता आणि कितीसा स्वतःवर, याचा हिशेब करायला तिनं पहिल्यांदाच टाळाटाळ केली.

पंचनाम्याच्या दिवशी कडुनिंबाखाली अर्धं गाव जमलं. स्वप्निलनं गाडी आणून उभी केली. ती आता पोटभर होती. लग्नाचा मांडव घालणाऱ्याचा जनरेटर भाड्यानं आणून, डिझेल जाळून तिला वीज पाजली होती. धुरानं किसनरावाचं अंगण काळं झालं होतं, पण गाडीला धूर नाही हे अजूनही खरंच होतं.

हवालदार वही मांडीवर घेऊन बसला. स्वप्निलनं मोबाईल दाखवला, सगळं पुन्हा समजावलं. "मिनाबाई अचानक मध्ये आली असावी," असं म्हणताना मात्र तो कुणाकडं बघत नव्हता.

"रेघ कुणी मारली?" हवालदारानं विचारलं.

किसनराव खाकरला. वैनीकडं पाहून त्यानं मान हलवली. म्हणजे सौदा अजून कायम आहे.

"मी मारली," सखुबाई म्हणाली. "तिरकी मारली. चुकून न्हाई, जानून. दरसाल मारते."

गर्दीत खसखस पिकली. किसनरावाचं तोंड उघडंच राहिलं. जन्मभर जे कबूल करून घ्यायला तो झुरला, ते असं फुकटात त्याच्या पदरात पडलं, आणि नेमकं आज त्याला ते नको होतं.

"लिवा. माझं नाव घाला. आता फुडचं लिवा. ही रेघ महिनाभर हितं व्हती. हिच्या शेजारून यष्टी गेली, वाळूचे ट्रक गेले, उसाच्या बैलगाड्या गेल्या. बाजारातून पिऊन येनारे फटफटीवर डुलत गेले. एकालाबी वाटलं न्हाई की रस्ता लिंबाच्या झाडात शिरतोय! बैलालासुदिक कळलं! अन् ही डोळेवाली गाडी! मानसाला ढीग समजती अन् म्हने बराबर केलं?"

"मोठी माय, तसं नाही," स्वप्निल म्हणाला. "कंपनीला कळवलंय. आता नवीन अपडेट आलंय. आता असं होणार नाही."

"आता न्हाई व्हनार?"

"नाही."

"बराबर?"

"हो. अगदी."

सखुबाई वळली. झाडाच्या बेचक्यात फक्कीचं घमेलं ठेवलेलं होतं. ते तिनं काखेत मारलं आणि पुसट झालेली रेघ पुन्हा मारायला घेतली. झाडापासून दोन पावलं सरळ, पुढं तिरकी. आजवर लपूनछपून झुकलेला हात आज अख्ख्या गावासमोर झुकत गेला. रेघ झाल्यावर तिनं पदराला हात पुसले आणि सावलीत, जिथं हळदीवर अजून काळपट डाग होता, तिथं बोट दाखवलं.

"या भावजी. बसा."

"म्या? काहून?"

"मिना बसली व्हती तसं. रस्त्याकडं पाठ करून. हळद लावू का अंगाला? लगीन न्हाई तुमचं, पन लावू. पोरगं गाडीत बसल, हात सोडल. गाडीला डोळे हायेत. अपडेट आलंय. बसा की!"

"वैनी, चेष्टा पुरे."

"चेष्टा व्हय? तांड्यावरच्या बाईनं बसायचं, अन् तुमी बसायचं म्हनलं की चेष्टा? पोरावर भरवसा न्हाई का गाडीवर न्हाई? कंचं ते सांगा, साहेब लिवून घेतेत!"

गर्दी आता हसत नव्हती. सगळ्यांचे डोळे किसनरावावर. त्यानं एकदा सावलीकडं पाहिलं, एकदा गाडीकडं, मग पोराकडं. एक पाऊल पुढं टाकलं. खाली डाग दिसला तसं ते पाऊल मागं आलं.

"मला काय येड लागलं का मरायला?" तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण आता उशीर झाला होता. स्वप्निल बापाकडं बघत होता. या गाडीची महती बापाइतकी कुणीच गायली नव्हती. पोरानं मोबाईल खिशात घातला.

"साहेब, लिहा," तो म्हणाला. "बाई उठली नव्हती. हात माझे स्टेअरिंगवर नव्हते. मी खाली बघत होतो, मोबाईलवर चार्जिंग कुठं मिळतं ते शोधत होतो. गाडी वळली तेव्हा मी रस्ता बघत नव्हतो."

किसनराव काहीतरी बोलायला गेला. "आप्पा, तुम्ही गप बसा," पोरगा म्हणाला, आणि किसनराव गप बसला.

हवालदारानं सगळं लिहून घेतलं. रस्त्यावर हळद टाकून रेघ मारणाऱ्या सखुबाईचं नावही सोडलं नाही. तिनं सही केली, ती मात्र सरळ.

गर्दी पांगल्यावर तिनं नांदेडला फोन लावला. तातेरावानं उचलला आणि एक शब्द न बोलता मिनाच्या कानाला लावला.

"मिना, लिवलं बरं का सगळं खरं. तुजी चूक न्हाई लिवली. पोरानं सवताच्या तोंडानं कबूल केलं."

 "आन् रेघेचं?" मिनानं विचारलं.

"तेबी लिवलं. म्याच सांगितलं."

"बाई," मिना म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तुमची अन् किसनरावाची वाटनी, तुमची रेघ, त्यांची गाडी. भांडन तुमच्या घरातलं. मग पाय माझा काहून?"

सखुबाईची नजर समोरच्या ताज्या रेघेवर गेली.  

"अन् म्या हसायची त्या रेघेला," मिना म्हणाली आणि फोन बंद झाला.

ऊन कलत होतं. सखुबाईनं खराटा घेतला आणि रेघ घासून काढली. मग दोरी आणली, एक टोक कडुनिंबाला बांधलं, दुसरं रस्त्याच्या मध्यावर दगडाखाली ताणून धरलं, आणि दोरीवरून फक्की सोडत नेली. सरळ. तिकोनी तुकड्यावरची आपली हळद तिनं हातानं आपल्या बाजूला ओढली. कडेला किसनराव उभा होता, ते तिला दिसलं होतं.

"वैनी, असू द्या वं…" तो म्हणाला.

"बोलू नगा," सखुबाई म्हणाली. "एक शबुद बोलू नगा. परवा नांदेडला जायाचंय, तुमीबी येताय. पोराला घ्या संगं. अन् यष्टीनं जायाचं."

मग ती सावलीत, डागाशेजारी, रस्त्याकडं तोंड करून बसली आणि राहिलेल्या ढिगातली कांडी-गट्टू निवडायला लागली. मिनाइतकं झरझर तिला जमत नव्हतं.